फॉलो करायचं तर थांब्याला करा: एका रिटायर कंडक्टरची पद्धत

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो, त्यातली शेवटची १८ राजापूर आगारात. संध्याकाळी वस्तीची गाडी घेऊन आंबोळगडला जायचं, रात्री गाडीतच अंग टाकायचं आणि सकाळी कॉलेजची पोरं, नाट्याच्या मासेवाल्या आणि कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद भरून राजापूरला यायचं. एवढी वर्षं दारात उभं राहिलं की सगळं कळतं. कोण रोज घरच्या आधीच्या थांब्यावर उतरतो, कोणाची पिशवी जाताना जड आणि येताना हलकी असते, कोणते दोन सख्खे भाऊ एकाच गाडीत बसून एकमेकांची तिकिटं काढत नाहीत. पण वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, यातलं काही लिहायचं नसतं. तिथे तिकिटांचे नंबर, भाड्याचे टप्पे आणि पैसे. उतारूचं नाव लिहायला रकानाच नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दहा-बारा जणांनी तालुक्यातल्या वाड्या, पाणंदी, पऱ्ये (ओहोळ), सडे (कातळाची माळरानं) यांची नावं गोळा करायला एक छोटा विकी, म्हणजे सभासदांनी मिळून लिहायची साइट, सुरू केला. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्याच फुकटच्या सॉफ्टवेअरवर. आता २३ सभासद आहेत. पहिल्याच बैठकीत बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, यात माणसांना फॉलो करायचं बटण कुठाय?" निम्म्या लोकांना ते हवं होतं, निम्म्यांना ते काय असतं हेच माहीत नव्हतं. (ते दाबलं की त्या माणसाने साइटवर काही नवीन केलं की आपल्याला आपोआप दिसतं.) त्यावर आमचे दोन रविवार गेले आणि चहाच्या तीन किटल्या. मी विरोधात बोललो. माझ्या विरोधाला कारण होतं माझ्याच हातून झालेली एक चूक. आधी ती सांगतो, नाहीतर पुढची पद्धत कोरडी वाटेल.

एकेचाळीस नावं

रिटायर झाल्यावर मुलीने फोनमध्ये स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप घालून दिलं. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून जगभरच्या लोकांनी मिळून केलेला नकाशा आहे, २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला. हे ॲप त्यातल्या गाळलेल्या जागा भरायला प्रश्न विचारतं. या थांब्याचं नाव काय? शेड आहे का? बसायला बाकडं आहे का? मला तर पेपर फुटल्यासारखं झालं. सगळे थांबे तोंडपाठ. 'डबलबेल' असं टोपणनाव घेतलं आणि चार महिन्यांत जैतापूर पट्टा उरकला.

त्याच पट्ट्यात आणखी कोणीतरी नावं घालत होतं. मी ज्याला 'शाळा थांबा' म्हणतो त्याला त्याने 'जांभळीकडे' लिहिलं. मी दुरुस्त केलं. त्या नकाशावर प्रत्येकाने केलेले बदल गठ्ठ्यागठ्ठ्याने साठवले जातात, त्याला चेंजसेट म्हणतात. कोणाही सभासदाचे सगळे गठ्ठे तारीखवेळेसह एका पानावर दिसतात. शिवाय त्या माणसाला आपल्या यादीत घ्यायचं बटणही आहे, त्याला तेव्हा 'मित्र' म्हणायचे. मी ते दाबलं. तेव्हापासून सकाळी चहाबरोबर माझ्या डॅशबोर्डवर त्याचं ताजं काम हजर. तीन आठवड्यांत मी त्याची ४१ नावं बदलली, एसटीच्या बोर्डाप्रमाणे, एकही शब्द न लिहिता. चेंजसेटखाली दोन ओळी लिहून विचारायची सोय होती. मला विचारायची गरज वाटली नाही. कंडक्टरला थांब्याचं नाव कोण शिकवणार?

चौथ्या आठवड्यात त्याचे बदल यायचे थांबले. मला वाटलं, परीक्षा असेल.

वर्षभराने कातळशिल्पांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. तिथे एक मुलगा जवळ आला. बोलण्यातून माझं टोपणनाव त्याच्या कानावर गेलं असावं. "तुम्हीच ना डबलबेल?" म्हणाला. "काका, मी सेव्ह करून जेवून येईपर्यंत तुम्ही हात फिरवून गेलेले असायचात. मला वाटायचं पाठीमागे उभं राहून कोणीतरी वहीत बघतंय." पुढे म्हणाला, "आणि आमच्याकडे त्याला जांभळीकडेच म्हणतात. शाळा थांबा फक्त तुमच्या बोर्डावर आहे. शाळा कधीच हलली तिथून."

मी दुसऱ्या दिवशी गाडीने गेलो आणि थांब्याथांब्यावर उतरून विचारलं. ४१ पैकी १२ नावं त्याची बरोबर होती, ७ ठिकाणी दोन्ही चालत होती. त्या नकाशाचा साधा दंडक आहे की जमिनीवर जे आहे ते लिहावं. आणि एका जागेला दुसरं नाव असेल तर त्याच्यासाठी वेगळी चौकटही आहे. दोन्ही नावं मावली असती. मला आठवून सगळ्यात जास्त काय बोचतं सांगू? मी बटण दाबलं तेव्हा त्याला ईमेल गेलं होतं: डबलबेलने तुम्हाला मित्र म्हणून जोडलं आहे. आता त्या बटणाला तिथे 'फॉलो' म्हणतात. बरं केलं.

माझ्या मनात वाकडं काही नव्हतं. मी थांबा बघायला गेलो आणि पोराकडे बघत बसलो, एवढंच झालं. बटणामुळे ते फार सोपं झालं.

बटण दाबायच्या आधी: काय बघायचंय ते ठरवा

कोणालाही फॉलो करण्याआधी स्वतःशी एक वाक्य मोठ्याने म्हणा: "मला अमुक बघायचंय." वाक्यात माणसाचं नाव आलं तर पुन्हा म्हणून बघा. बहुतेक वेळा आपल्याला हवं असतं एखादं पान, एखादी जागा किंवा एखादा विषय, आणि या तिन्हींसाठी वेगळी सोय बहुतेक ठिकाणी असते.

पान बिघडू नये ही काळजी असेल तर पानावर लक्ष ठेवा. मराठी विकिपीडिया २००३ च्या महाराष्ट्रदिनी सुरू झाला. त्यावर माणूस फॉलो करायचं बटण नाही, पान फॉलो करायचं आहे. लॉग-इन केल्यावर पानाच्या माथ्यावर चांदणी दिसते. ती दाबली की ते पान तुमच्या निरीक्षणसूचीत जातं आणि त्यात कोणी काही बदललं की तुम्हाला दिसतं. तुमच्या सूचीत काय आहे हे दुसऱ्याला दिसत नाही. पानाच्या बाबतीत हा लपाछपीचा मामला चालतो, पानाला काही वाटत नाही. चांदणी दाबताना मुदतही घालता येते: आठवडा, महिना, तीन महिने. नवीन माणसाने महिना घ्यावा. कायमचं ठेवलं की सूची फुगते आणि मग कोणी बघत नाही. माझ्या सूचीत १४ पानं आहेत. आमच्या स्वतःच्या विकीवर मी कायमचं लक्ष ठेवलंय ते फक्त उन्हाळे गावच्या गंगेच्या, म्हणजे काही वर्षांनी अचानक वाहू लागणाऱ्या झऱ्यांच्या पानावर, कारण गंगा आली की जो तो तिथे 'यंदा किती वर्षांनी आली' याचा आपापला हिशेब लिहून जातो.

जागेची काळजी असेल तर जागा बघा. ओपनस्ट्रीटमॅपवर आपला पट्टा स्क्रीनभर आणायचा आणि 'इतिहास' उघडायचा. त्या चौकोनात अलीकडे झालेले सगळे गठ्ठे दिसतात, कोणीही केलेले. एक गंमत सांगून ठेवतो, नाहीतर घाबराल. कोणी एकाच गठ्ठ्यात नॉर्वेतलं बाकडं आणि न्यूझीलंडमधलं दुकान घातलं तर त्या गठ्ठ्याची चौकट अर्ध्या जगाएवढी होते, आणि ती राजापूरच्या इतिहासातही डोकावते. त्या माणसाने आपल्या वाडीत काही केलेलं नसतं. सोडून द्या.

तिसरं, शिकायचं असेल तर. इथे मात्र माणूस बघण्यात अर्थ आहे, आणि इथेच जास्त जपावं लागतं.

आमच्या गटातल्या एक शिक्षिका आयनॅचरलिस्टवर आहेत. ही साइट २००८ साली कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाली. आपण झाडाचा, किड्याचा, पक्ष्याचा फोटो घालायचा आणि जाणकार ओळख सांगतात. तिथे माणूस फॉलो करता येतो, आणि एखादी जागा किंवा एखादं कुळसुद्धा लावून घेता येतं. बाईंनी सड्यावरच्या गवतांचा एक जाणकार फॉलो केला. त्याने प्रत्येक फोटोवर काय विचारलं ते वाचून त्यांना कळलं की गवताचा फोटो लांबून काढून उपयोग नाही, तुऱ्याचा जवळून आणि पान जिथे खोडाला मिठी मारतं तिथला हवा. हे त्यांना पुस्तकात सापडलं नसतं. चांगला फॉलो तो असा.

पण त्याच बाईंनी दुसरी गोष्टही सांगितली. त्या जाणकाराने नाव दिलं की त्या लगेच 'सहमत'वर बोट ठेवायच्या. त्या साइटवर फोटो, तारीख, जागा नीट असेल तर ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त लोकांचं एकमत झालं की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' मिळते, आणि त्यासाठी दोन माणसंही पुरतात. म्हणजे एक जाणकार आणि त्याच्या मागून मान डोलावणारी एक भक्त एवढ्यावर नोंद पक्की. जाणकार चुकला की चूकही पक्की. तेव्हापासून बाईंचा नियम असा: याच्यासारखं दिसणारं दुसरं गवत कोणतं आणि हे त्याच्यापासून कशावरून वेगळं, हे सांगता आलं तरच सहमत. नाहीतर नुसतं बघायचं.

माझी मुलगी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला विचारलं तर तिने दोन उदाहरणं दिली. गिटहब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची साइट, तिथे प्रोजेक्टवर लक्ष ठेवायचं बटण वेगळं आणि माणसाला फॉलो करायचं वेगळं, दोन्ही आहेत. स्टॅक ओव्हरफ्लो या त्यांच्याच प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न किंवा विषय फॉलो करता येतो, माणूस नाही. "आणि बाबा, तिथे कोणाच्या उत्तरांना एकापाठोपाठ मतं देत सुटलात ना, चांगली काय नि वाईट काय, तर यंत्रणा ती ओळखते आणि मागे घेते." हे मला पटलं. रागाने मागे लागलेला माणूस कोणालाही ओळखू येतो. प्रेमाने मागे लागलेल्याला कोणी अडवत नाही, आणि तोही तेवढंच वाकडं करून ठेवतो. निवडणुकीच्या गाडीला मी ड्यूटी केलीय, मला विचारा.

तरी माणसालाच फॉलो करायचं असेल

मग हे करा.

सांगून करा. आधी दोन ओळी लिहा. मी आता असं लिहितो, हवं तर उचला: "नमस्कार. मी राजापूर भागातले थांबे घालतो. तुम्ही घातलेल्या वाड्यांपैकी काही मला नवीन आहेत, म्हणून महिनाभर तुमचं काम बघणार आहे. अडचण वाटली तर सांगा, लगेच बंद करतो." आतापर्यंत कोणी नाही म्हटलेलं नाही. एकाने मात्र उलट विचारलं, "थांबे घालता म्हणजे एसटीतले का? मग आमच्या वाडीची दुपारची गाडी का बंद झाली?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पहिली खूण आभाराची ठेवा. विकिपीडियावर पानाच्या इतिहासात प्रत्येक बदलापुढे आभार मानायची सोय २०१३ पासून आहे. एक टिचकी, समोरच्याला सूचना जाते. ज्याचे तुम्ही आधी तीनदा आभार मानलेत त्याने तुमची चौथी दुरुस्ती वेगळ्या मनाने वाचलेली असते.

लगेच हात घालू नका. रात्र जाऊ द्या. पाच मिनिटांत आलेली दुरुस्ती बरोबर असली तरी पाळत वाटते, दुसऱ्या दिवशी आलेली तीच दुरुस्ती मदत वाटते. शिवाय तोवर त्याने स्वतःच सुधारलेलं असतं, असं मी कितीदा पाहिलंय.

एकाच माणसाच्या सलग तीन गोष्टी तुम्ही एकट्याने बदलू नका. पहिली बदला, दुसरीबद्दल विचारा, तिसरी दुसऱ्या कोणाला तरी बघू द्या. तिसऱ्यालाही चूकच वाटली तर ती चूक असण्याची शक्यता जास्त. त्याला ती वाटली नाही तर मग तुम्हीच शाळा हलली तरी 'शाळा थांबा' म्हणणारे निघालात.

चुका करत सुटलेला किंवा मुद्दाम घाण करणारा कोणी असेल तर? मग त्याचं बाकीचं काम बघावंच लागतं. एका पानावर खोटा आकडा घालणारा माणूस पाच पानांवर घालतो. विकीवर 'सदस्याचे योगदान' उघडलं की यादी मिळते, फॉलोची गरजच नाही. एकदा बसा, शेवटचे वीस-पंचवीस बदल तपासा, प्रत्येक दुरुस्तीला कारण लिहा आणि यादी बंद करून उठा. इंग्रजी विकिपीडियाच्या छळवणुकीबद्दलच्या धोरणात हाच फरक केलेला आहे: चुका दुरुस्त करायला कोणाची यादी बघणं चालतं, त्याला त्रास द्यायला पानोपानी मागे जाणं चालत नाही. त्याला त्यांच्याकडे हाउंडिंग म्हणतात, शिकारी कुत्रा मागावर राहतो तसं.

आणि आपल्याकडच्यासाठी एक जादा कलम. ज्याच्याशी बांधावरून, विहिरीवरून किंवा देवळाच्या मानावरून तुमचं कोर्टात चालू आहे, त्याला कुठल्याही साइटवर फॉलो करू नका. त्याने पाणंदीचं नाव चुकीचं लिहिलं असेल तरी ते दुसऱ्या कोणाला तरी सांगा. तुमची दुरुस्ती खरी असली तरी गावात ती पुरावा म्हणून वाचली जाणार.

तुमच्या मागे कोणी असेल तर

हा भाग बायकांनी आणि शाळकरी मुलांनी आधी वाचावा.

अशा साइटवर तुम्ही जे करता ते सगळं उघडं असतं. तारीख उघडी, वेळ उघडी, नकाशा असेल तर जागाही उघडी. कोणी तुम्हाला फॉलो केलं नाही तरी यादी तिथे आहेच. फॉलोमुळे एवढंच होतं की यादी चालत त्याच्या दारात येते. म्हणून यादीत काय जातं ते तुम्ही ठरवा.

ओपनस्ट्रीटमॅपवर 'घरची जागा' घालायची सोय आहे. ती उंबऱ्यावर घालू नका. माझी राजापूरच्या स्टँडवर आहे. तसंही तिथेच जास्त असायचो. फिरता फिरता बदल पाठवू नका, घरी येऊन रात्री पाठवा. बस चुकली की आपण कुठे उभे आहोत हे जगाला कळायची गरज नसते. आयनॅचरलिस्टवर नोंदीची जागा उघडी, धूसर किंवा पूर्ण खाजगी ठेवता येते. धोक्यात असलेल्या बऱ्याच जातींची जागा ती साइट स्वतःच धूसर करते. ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी ठिपका पडतो, म्हणजे दक्षिणोत्तर जवळजवळ २२ किलोमीटर. तेवढ्या चौकोनात तालुक्याचा मोठा तुकडा मावतो. अंगणातल्या झाडांचे फोटो घालणाऱ्यांनी हे स्वतःहून करावं, कारण जास्वंदीचा फोटो साइट धूसर करणार नाही.

पक्ष्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आमच्याकडे यावरून भांडण झालं. ककणेर, म्हणजे धनेश. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर फळं आणून त्या फटीतून भरवतो. खाली माणसांची गर्दी झाली की नर जवळ यायला घाबरतो, आणि आत मादी आणि पिल्लं उपाशी. आता विचार करा. एखादा माणूस दरवर्षी उन्हाळ्यात अशा ढोलींचे फोटो घालतो आणि त्याला चाळीस फोटोवाले फॉलो करतात. त्याने जागा धूसर केली तरी मागची शाळा, पुढची पाखाडी फोटोत आलेली असते. आमच्यातल्या एकाने तसं केलं आणि पुढच्या रविवारी झाडाखाली तीन गाड्या. त्याचं म्हणणं, मी जागा सांगितलीच नाही. खरं होतं. सांगितली नव्हती, माणसं त्याचा माग काढत आली होती. तेव्हापासून आमचा नियम: घरट्याचा फोटो पिल्लं उडून गेल्यावर.

कातळशिल्पांचंही तेच. बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही नावं आता सगळ्यांना माहीत आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. पण सड्यावर अजून नवी सापडतात, त्यांना ना कुंपण ना फलक, आणि चिरेखाण कुठून कुठे सरकेल सांगता येत नाही. जो माणूस ती शोधत फिरतो त्याचा बदलांचा इतिहास म्हणजे आयता नकाशा. अशा माणसाने आधी ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवावं आणि मग नकाशावर ठिपका द्यावा. साखरी नाट्याचा माझा एक जुना उतारू, बोटवाला, हे ऐकून हसला. म्हणाला, मासळी लागली की आम्ही वायरलेसवर गप्प बसतो ते काय उगाच?

कोणी खरंच पाठीमागे लागलंच तर: उलटसुलट दुरुस्त्यांची मारामारी करू नका. एकदा, सभ्य शब्दात, चर्चा पानावर विचारा. उत्तर आलं नाही किंवा वाकडं आलं तर चार-पाच बदलांचे दुवे गोळा करून प्रचालकांना, म्हणजे साइटची देखरेख करणाऱ्यांना, द्या. विकीवर सगळं नोंदलेलं असतं, साक्षीदार शोधावे लागत नाहीत. तो मुलगा माझ्याबद्दल हे करू शकला असता. त्याला माहीतच नव्हतं की करता येतं.

साइट तुम्हीच चालवत असाल तर

दोन रविवारांनंतर आम्ही काय ठरवलं ते सांगतो. पन्नास माणसांच्या आतल्या साइटला हे पुरेल.

मीडियाविकीत माणूस फॉलो करायची सोय मुळात नाहीच, निरीक्षणसूची आहे. ती ठेवली. ईमेलची सूचना चालू केली. त्या सूचनेत एक शहाणपण आहे: पान बदललं की एक ईमेल येतं, आणि तुम्ही ते पान जाऊन बघेपर्यंत दुसरं येत नाही. म्हणजे दिवसभर फोन वाजत नाही आणि माणसाला पाळतीची चटक लागत नाही. माझ्या त्या तीन आठवड्यांत अशी व्यवस्था असती तर बरं झालं असतं. माणसामाणसांत नाती जोडायची असतील तर सोशलप्रोफाइल नावाचा एक जोडही मिळतो. मुलीने तो दाखवला. त्यात सभासदाला 'मित्र' करता येतं आणि 'शत्रू'ही करता येतं, खरंच तसं बटण आहे. बैठकीत हे सांगितल्यावर दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही आणि मग सगळे एकदम हसले. भाऊबंदकीच्या मुलखात त्याला बटण कशाला लागतंय!

तर माणूस फॉलो करणं आमच्याकडे नाही. गाव फॉलो होतं, वाडी होते. नवीन सभासदाला पहिला महिना एक सोबती देतो, दोघांनाही माहीत असतं कोण कोणाचं काम बघतंय. बाकी कोणी त्या महिन्यात त्याच्या कामाला परस्पर हात लावायचा नाही, शिवी किंवा फोन नंबर असेल तर सोडून.

मोठ्या साइटने हे बटण द्यावंच असं ठरवलं तर माझ्या मते त्यात चार गोष्टी असाव्यात. कोण फॉलो करतंय हे फॉलो झालेल्याला दिसावं. त्याला नको असेल तर काढून टाकता यावं. सूचना लगेच न जाता दिवसातून एकदा एकत्र जावी. आणि कोणाचे किती फॉलोअर हा आकडा कुठेही दिसू नये. या शेवटच्यावर मी अडून बसेन. आकडा दिसला की साइटवर पुढारी तयार होतात. दोनशे फॉलोअरवाल्याने लिहिलेलं वाडीचं नाव टिकतं आणि त्याच वाडीत ७० वर्षं राहिलेल्या आजीने नातवाकडून घालून घेतलेलं नाव उलटवलं जातं.

बारावीतली ती मुलगी मात्र पटायला तयार नव्हती, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "मी लिहिलं ते कोणी वाचलं हे कळलंच नाही तर मी पुन्हा का लिहू? रिकाम्या गाडीला तुम्ही तरी घंटी द्याल का?" याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. शेवटी तिनेच तोड काढली. दर शनिवारी ती एक पान करते: या आठवड्यात कोणी कोणत्या गावात काय घातलं. सगळ्यांची नावं, एकाच ओळीत प्रत्येकी, मोठं-छोटं असं काही नाही. ज्याला कोणाचं काम आवडेल त्याने त्या ओळीखाली लिहावं. पहिल्या आठवड्यात सात नावं होती, गेल्या शनिवारी सोळा.

आणि तो मुलगा. त्याला आम्ही बोलावलं तेव्हा म्हणाला, येतो, पण डबलबेलचा सोबती मी होणार. आता दर सोमवारी मला त्याचा एक प्रश्न येतो. परवाचा असा होता: "काका, खालच्या वाडीला तुम्ही 'टप्पा ६' का लिहिलंय?" सवयीने लिहिलं होतं. काढलं.

येत्या रविवारी सागव्याच्या वाड्या घेतोय. येणाऱ्यांनी नावं घेऊन या, आणि ज्या नावावरून वाडीत भांडण आहे तिथली दोन्ही नावं आणा.